दिनविशेष : ३० मे १९६८ – द गॉल यांच्या पाठीशी पॅरिस रस्त्यावर

विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि सुमारे एक कोटी कामगारांचा संप यांमुळे मे १९६८मध्ये फ्रान्स ठप्प झाला होता. राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल २९ मे रोजी खरा ठिकाणा उघड न करता पॅरिसमधून निघून गेले. पंतप्रधान पाँपिदू यांनाही त्यांचा ठावठिकाणा ठाऊक नव्हता. प्रत्यक्षात ते पश्चिम जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे जर्मनीतील फ्रेंच सैन्याचे सेनापती जनरल मास्यू यांना भेटायला गेले होते. दुसऱ्या दिवशी परतून त्यांनी दुपारी साडेचारला नभोवाणीवर जेमतेम पाच मिनिटांचे भाषण केले : राजीनामा देणार नाही, संसदेचे कनिष्ठ सभागृह विसर्जित केले आहे.

त्याच संध्याकाळी तिरंगी झेंडे घेतलेला प्रचंड जनसमुदाय शाँझ एलिझे मार्गावर लोटला. आघाडीवर लेखक-मंत्री आंद्रे मालरो आणि मंत्री मिशेल दब्रे होते. पोलिसांच्या मते मोर्चात तीन लाख लोक होते. समर्थक दहा लाख सांगत. खरा आकडा काहीही असो, रस्ता केवळ विरोधकांचाच आहे हा समज त्या संध्याकाळी मोडला. जूनच्या निवडणुकीत द गॉल यांच्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. मात्र एप्रिल १९६९च्या सार्वमतात हरल्यावर त्यांनी पद सोडले.