तांब्या, जेट आणि आपल्या जालन्याचे पाणी



घराचे काम काढले की स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर आपण आठ दिवस बोलतो, आणि संडासात काय बसवायचे ते मात्र प्लंबर ठरवून जातो. हातात धरायचा जेट, कमोडच्या सीटखाली बसणारे बिडेट, की विजेवर चालणारी सीट? विषय लाजेचा, म्हणून कोणी विचारत नाही. पण घरात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असतील तर टाइल्सपेक्षा हा निर्णय मोठा आहे. या वस्तू कुठून आल्या ते कळले की निवडणेही सोपे जाते.

पाण्याने स्वच्छ होणे आपल्याला कोणी शिकवायला नको. पूर्वी तांब्या किंवा टमरेल भरून न्यायचे आणि तेवढ्यातच भागवायचे. पाणी मोजलेले असायचे. दिगंबर मुनींच्या कमंडलूकडे कधी नीट पाहिले आहे का? पिंछी हे संयमाचे उपकरण, शास्त्र ज्ञानाचे, आणि कमंडलू शौचाचे. त्यात उकळलेले पाणी असते. भरायचे तोंड मोठे आणि ओतायची तोटी बारीक. पाण्याच्या थेंबातही अप्काय जीव मानणाऱ्यांनी शौचाचे पाणी किती जपून वापरले असेल, ते त्या तोटीवरून दिसते.

जुन्या वाड्यांतल्या संडासांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मागच्या दाराला टोपलीचे संडास असायचे, आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणारी बहुधा एखादी बाईच असायची. आपण पाणी गाळून प्यायचो, मुंगीला जपायचो, आणि त्या बाईला मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचो. असे संडास बांधायला आणि माणसाकडून मैला उचलून घ्यायला बंदी करणारा केंद्राचा कायदा आला तो 1993 मध्ये, आणि 2013 मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला. जीवदयेच्या गप्पांत हे पान आपण पटकन उलटतो, असे मला वाटते.

बिडेट शब्द फ्रेंच. मूळ अर्थ तट्टू, कारण त्या भांड्यावर तट्टावर बसल्यासारखे बसत. अठराव्या शतकात ते फ्रान्समधल्या श्रीमंतांच्या शयनगृहात असे. पुढे इटलीत ते इतके रुळले की 1975 पासून तिथल्या घरांत बिडेट असावे असा सरकारी नियमच आहे. पण कमोडवर बसणाऱ्या सीटची गोष्ट निराळी. 1960 च्या दशकात अमेरिकेत ती मुख्यतः आजारी आणि वृद्ध माणसांसाठी विकली जाई. जपानच्या टोटो कंपनीने आधी तीच आयात केली, मग स्वतःची घडवली आणि 1980 मध्ये ‘वॉशलेट’ नावाने बाजारात आणली. म्हणजे आज चैनीची वाटणारी ही वस्तू मुळात ज्यांचा हात मागे पोचत नाही त्यांच्यासाठी होती. सांधे आखडलेल्या बाईला दुसऱ्याकडून धुऊन घ्यावे लागणे म्हणजे काय, हे ज्या सुनेने सासूचे केले आहे तिला ठाऊक आहे. त्या सासूलाही.

आता आपल्या गावाचे पाणी. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावावर जालना वर्षानुवर्षे जगले. 2012-13 च्या दुष्काळात तो आटला, टँकरच्या रांगा लागल्या, लोकांनी पुढे होऊन त्यातला गाळ काढला. त्याच सुमारास पैठणहून जायकवाडीचे पाणी शहराला मिळू लागले. तरीही नळ रोज येत नाही, आणि मध्ये बोअरचे जड पाणी वापरावे लागते, हे मी तुम्हाला काय सांगायचे!

म्हणून जाहिरातीतली वस्तू इथे जशीच्या तशी चालत नाही. विजेवरच्या बहुतेक सीटना साधारण अर्धा बार तरी दाब लागतो, म्हणजे टाकी सीटच्या पाचेक मीटर वर हवी. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी तेवढी उंच नसते. मग वेगळा पंप आला, शिवाय वीज गेली की सीट गप्प. जड पाण्याचा क्षार नोझलच्या बारीक छिद्रांत बसतो तो वेगळाच. आमच्याकडे जेटची जाळी मधून मधून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून ठेवावी लागते.

जेट स्वस्त आणि सोपा, पण हातातले माप सुटते. एकदा एक लिटरचे भांडे धरून बघा. आमच्याकडे ते दहा सेकंदांत भरले, म्हणजे अख्खा तांब्या, आणि दहा सेकंदांवर कोण थांबते? खालचा अँगल कॉक अर्धाच उघडा ठेवला की धार आपोआप बेताची होते. वापर झाल्यावर तो बंदच करावा, नाहीतर सतत दाबाखाली राहिलेला पाइप एखाद्या दुपारी फुटतो आणि टाकी रिकामी होते. जयणा म्हणतात ती शेवटी अशा कॉकपाशीच येते.

गुडघे आणि मनगटे दुखणाऱ्यांसाठी मी बिनविजेचे, सीटखाली दोन बोल्टांनी बसणारे बिडेट सुचवेन. फ्लशच्या नळीला टी जोडून पाणी घेता येते, बाजूची चावी फिरवली की धार येते, आणि मागे वळावे लागत नाही. कमी दाबावरही ते बऱ्यापैकी चालते. घेण्याआधी चावी उजव्या हाताला आहे की डाव्या ते पाहा, आणि ज्यांच्यासाठी घेता त्यांच्याच हाताने दुकानात ती फिरवून बघा, कारण काही चाव्या फार घट्ट असतात. शेजारच्या भिंतीला धरायचा दांडाही त्याच दिवशी ठोकून घ्या. आणि नळ न आलेल्या दिवसांसाठी कोपऱ्यात एक बादली आणि तांब्या राहू द्या.