केर्गेलेन बेटावरील देशज व आगंतुक वनस्पती : एक ऐतिहासिक विवेचन

दक्षिण हिंदी महासागरात, ४९ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास केर्गेलेन हा द्वीपसमूह आहे. रेखांशाचा विचार केल्यास तो मुंबईच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, सुमारे साडेसात हजार किलोमीटरांवर येतो. क्षेत्रफळ सुमारे सात हजार चौरस किलोमीटर असूनही येथे एकही वृक्ष नाही आणि मूळचा मानवी रहिवास कधीच नव्हता. देशज संवहनी वनस्पतींच्या जाती तीसपेक्षा कमी आहेत. याउलट २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच संशोधकांच्या गणनेत आगंतुक जातींची संख्या ६८ भरली. मूळच्या रहिवाशांपेक्षा पाहुणे दुपटीहून अधिक, अशी ही स्थिती अवघ्या अडीचशे वर्षांत कशी निर्माण झाली, हे पाहणे उद्बोधक आहे. कोणती वनस्पती देशज आणि कोणती आगंतुक हा प्रश्न सामान्यतः वनस्पतिशास्त्राचा मानला जातो. केर्गेलेनच्या बाबतीत मात्र तो तितकाच इतिहासाचा आहे. कारण येथे माणूस, जनावर आणि त्यांच्यासोबतचे बी, सर्व जहाजातूनच आले.

फ्रेंच नौदल अधिकारी इव्ह-जोसेफ द केर्गेलेन याने फेब्रुवारी १७७२ मध्ये हे बेट प्रथम पाहिले आणि दक्षिणेकडील समृद्ध खंडच सापडल्याची वार्ता स्वदेशी नेली. तिचा फोलपणा लवकरच उघड झाला. डिसेंबर १७७६ मध्ये, ऐन नाताळात, कॅप्टन जेम्स कुक तेथे पोहोचला, तेव्हा या भूमीला ‘उजाड बेट’ म्हणणेच त्याला उचित वाटले. त्याच्यासोबतचा शल्यवैद्य विल्यम अँडरसन याने मात्र या उजाड भूमीवर एक मांसल पानांची, कोबीसारखा गड्डा धरणारी वनस्पती टिपून ठेवली. रॉयल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष सर जॉन प्रिंगल यांच्या सन्मानार्थ त्याने तिला प्रिंगलिया हे नाव योजिले. प्रिंगल यांना नाविकांच्या आरोग्याविषयी, विशेषतः स्कर्व्ही या रोगाविषयी, आस्था होती. त्यामुळे हे नामकरण केवळ शिष्टाचाराचे नव्हते.

अँडरसन १७७८ मध्ये त्याच सफरीत निवर्तला. त्याचे अपुरे राहिलेले काम १८४० मध्ये जोसेफ डाल्टन हूकर याने हाती घेतले. जेम्स रॉसच्या मोहिमेतील ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही जहाजे त्या वर्षी मे ते जुलै या काळात, म्हणजे ऐन हिवाळ्यात, केर्गेलेनच्या बंदरात होती. पुढे हिमालयात भ्रमण करून ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ सिद्ध करणारा हूकर तो हाच. तेव्हा त्याचे वय अवघे २२ ते २३ वर्षांचे होते. त्याने शेवाळी, दगडफुले व समुद्रशैवालांसह बेटाची वनस्पतिसंपदा प्रथमच पद्धतशीर नोंदविली. उशीच्या आकाराची एक निराळी वनस्पती त्याला आढळली, तिला त्याने ‘टेरर’वरील शल्यवैद्य डेव्हिड लायल याच्या नावावरून लायलिया असे नाव दिले. ही वनस्पती जगात अन्यत्र कोठेही नाही. खडकांत गाडलेली अश्मीभूत लाकडेही त्याने पाहिली. वृक्षहीन बेटावर कधीकाळी अरण्य होते, याचा तो पुरावा होता. कोबीविषयी त्याने दिलेली माहिती विशेष महत्त्वाची आहे. जहाजांवरील लोकांनी १३० दिवस ताजी भाजी म्हणून हीच वनस्पती खाल्ली आणि ती त्यांना मानवली. तिच्या शास्त्रीय नावातील ‘अँटिस्कोर्ब्युटिका’ हे विशेषण, म्हणजे स्कर्व्हीनाशक, याच गुणाची ग्वाही देते.

या वनस्पतीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातील फुले बहुधा कीटकांना आकर्षित करतात. प्रिंगलियाचे परागण वाऱ्याने होते. सतत घोंघावणाऱ्या वाऱ्यात उडता कीटक टिकणे कठीण, आणि बेटावरील देशज माश्यांपैकी काहींना पंखच उरलेले नाहीत. त्यांतील एक जात या कोबीच्याच पानांच्या बेचक्यात राहते. कोबी नाहीसा झाला तर केवळ एक भाजी नाहीशी होत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

हूकरची यादी आज आधाररेषा म्हणून वापरली जाते. परंतु तिचा उपयोग सावधपणे करावयास हवा. १८४० पूर्वी जवळजवळ अर्धे शतक सील व देवमाशांचे शिकारी या किनाऱ्यांवर उतरत होते आणि वनस्पतींच्या नोंदी ठेवणे हा काही त्यांचा उद्योग नव्हता. माँटिया फाँटाना ही चिमुकली पाणथळ वनस्पती युरोपातही उगवते आणि केर्गेलेनवरही; तरीही ती येथे देशज मानली जाते. अशा जातींबाबत केवळ भूगोल निर्णय देऊ शकत नाही. जुन्या याद्या आणि दलदलीच्या थरांत साठलेले परागकण यांची सांगड घालावी लागते.

खरे वळण १८७४ मध्ये आले. त्या वर्षी ९ डिसेंबरला होणारे शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी ब्रिटिश, अमेरिकन व जर्मन पथके केर्गेलेनवर उतरली. ब्रिटिश पथकाला घेऊन आलेल्या जहाजाने केपहून ससे आणून बेटावर सोडले. पुढे येणाऱ्या वा जहाज फुटून अडकणाऱ्या नाविकांना ताजे मांस मिळावे, असा अशा कृतींमागील रूढ विचार असे. हेतू परोपकाराचाच होता. पण नाविकांना जगविणारे अन्न बेटावर आधीच होते आणि सशांनी पहिला घाव त्यावरच घातला. प्रिंगलिया आणि अ‍ॅझोरेला ही उशीसारखी वाढणारी वनस्पती मोठ्या क्षेत्रांतून हटली. त्यांच्या जागी चराईला तोंड देणारी अ‍ॅसिना पसरली. अ‍ॅसिना स्वतः देशज आहे. म्हणजे आगंतुक प्राण्याने एका देशज वनस्पतीकडून दुसरीची जागा बळकावून घेतली; ‘देशज विरुद्ध आगंतुक’ ही सोपी मांडणी येथे अपुरी पडते.

यानंतर वसाहतीचे प्रयत्न झाले. १८९३ मध्ये फ्रान्सने बॉसिएर बंधूंना पन्नास वर्षांचा मक्ता दिला. त्यांची मेंढपाळी पोर्ट-कुव्रो येथे रखडत चालली आणि अखेर १९३१ मध्ये सोडून द्यावी लागली. १९५० नंतर पोर्ट-ओ-फ्राँसे येथे कायम संशोधनतळ उभा राहिला आणि आगंतुक वनस्पतींची सर्वाधिक गर्दी आज त्याच परिसरात आहे. चारा, बांधकामाचे सामान, बुटांच्या तळाची माती यांतून बी येत राहिले. विज्ञानाच्या नावाने आलेल्या माणसांनीही, मेंढपाळांइतकेच, बेटाची वनस्पतिसूची लांबविली, ही बाब मान्य करावी लागते.

सशांच्या निर्मूलनासाठी १९५० च्या दशकाच्या मध्यास मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. सुरुवातीस ससे मोठ्या प्रमाणावर मेले, पण ते संपले नाहीत. १९९० च्या दशकात मोर्बिहाँ आखातातील व्हेर्त, गियू व कोशाँ या तीन लहान बेटांवरून मात्र त्यांचा पूर्ण नायनाट करण्यात आला. देशज वनस्पती आता मोकळ्या होतील, ही अपेक्षा अंशतःच पूर्ण झाली. अ‍ॅझोरेला काही ठिकाणी सावरू लागली. परंतु त्याच दशकाच्या मध्यापासून पाऊस घटला होता. कोरड्या उन्हाळ्यांत अ‍ॅसिना करपली आणि मोकळ्या झालेल्या जागेत युरोपीय गवते व पिवळ्या फुलांचा डँडेलियन फोफावला. या आगंतुकांना सशांनीच आजवर खुरटे ठेवले होते.

२००६ मध्ये येथे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र घोषित झाले आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या प्रदेशाचा समावेश झाला. मुख्य बेटावर ससे अद्याप आहेत. प्रिंगलिया तेथे मुख्यतः त्यांना न पोहोचता येणाऱ्या कड्यांवर आणि दुर्गम जागी तग धरून आहे. हूकरने पाहिलेली दाट वाढ कशी असेल याची कल्पना करावयाची, तर अभ्यासकांना आखातातील मायेससारख्या, ससे कधीच न पोहोचलेल्या बेटाकडे जावे लागते.