रकान्याबाहेरचं

पालेगावात रात्री साडेनऊला शेअर रिक्षातून उतरतेस तेव्हा पाठीवरच्या सॅकपेक्षा हातातली फाईल जड लागते. आत सहा स्कोअरशीट आहेत आणि सहाही सामने हरलेले आहेत. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तू बाराव्या क्रमांकाची. कोर्टवर उतरायला मिळालं ते तीनदा, तेही सामना हातातून गेल्यावर. बाकीचा वेळ टेबलाशी बसून आकडे लिहिणं, हे तुझं काम. मुलींनी गाडीत एकमेकींकडे पाहिलंही नाही. कल्याण गेलं, विठ्ठलवाडी गेली, उल्हासनगर गेलं. मग सर आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ज्यानं हा खेळ शोधला ना, तोही हरायचा."

त्यांनी सांगितलं ते खरं आहे. जेम्स नेस्मिथनी १८९१ साली व्यायामशाळेच्या गॅलरीला टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला आणि पुढे ते अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. नऊ हंगामांत त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. त्यांच्यानंतर तिथे आलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाच्या नावावर पराभवांपेक्षा विजय जास्त आहेत. जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले तिथे फक्त नेस्मिथ. कुणी हसलं नाही, पण अंबरनाथ येईपर्यंत दोघीतिघींनी हेडफोन काढून ठेवले होते.

आता सोसायटीच्या कोर्टच्या कठड्यावर बसलीयस. घरी जावंसं वाटत नाहीये. लांबून कर्जतकडच्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. चल, ऊठ. त्याच रुळांनी जाऊ. एक संघ तुला दाखवायचाय, तोही हरणारा.

वर्षं मागे पडू लागतात तसे हे टॉवर उतरत जातात. आनंदनगरच्या कारखान्यांचे दिवे विझतात. मग रस्ते जातात, आणि पालेगाव पुन्हा भातखाचरांच्या बांधांवर येतं. मलंगगड आहे तिथेच आहे. वालधुनीच्या काठचं शिवमंदिरही तिथेच, त्याला तर साडेनऊशेहून जास्त वर्षं झालीत. रूळही आहेत, फक्त वरच्या तारा नाहीत. कोळशाचं इंजिन धापा टाकत येतं, बदलापूर, कर्जत मागे टाकतं, घाट चढतं आणि तुला पुण्यात सोडतं. एकोणिसावं शतक सरायला थोडी वर्षं उरलीत.

पूना जिमखान्याचं मैदान. क्लब साहेबांचा. सकाळचं दव अजून वाळलेलं नाही. जाळ्यात एक साहेब बॅट घेऊन उभा आहे आणि समोरून विशीचा एक सडपातळ तरुण चार पावलं चालत येऊन डाव्या हातानं चेंडू सोडतोय. पळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. पगार महिना चार रुपये, त्यात खेळपट्टी लोटायची, जाळी बांधायची, झाडलोट करायची आणि साहेबांना सराव द्यायचा. समोरचे ते कॅप्टन ग्रेग. आपल्याला बाद केलं की ते बाळूंना दर वेळी आठ आणे द्यायचे, अशी आठवण सांगतात. तू नीट बघ. चेंडू हातातून सुटताना एकसारखाच दिसतो. पण एक आत येतो, एक बाहेर जातो आणि एक जरा रेंगाळून पडतो. ग्रेगची बॅट पुढे आलेली असते, चेंडू मात्र अजून आलेला नसतो.

ऊन वर येतं. बाळू टाकत राहतात. तू मनातल्या मनात षटकं मोजायला लागतेस, सवयच आहे तुला. वीसला मोजणं सोडतेस. एवढ्या वेळात त्यांच्या हातात कुणी एकदाही बॅट दिलेली नाही, आणि पुढेही देणार नाही. बॅटिंग साहेबांची. त्यांनी फक्त टाकायचं.

इथून पुढचं बघताना तुझा चेहरा बदलेल. पुण्याचे हिंदू खेळाडू बाळूंना संघात घ्यायचं की नाही यावर वाद घालतात आणि शेवटी घेतात, कारण साहेबांना हरवायचं आहे. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळतात. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात चिनीमातीच्या कपातून पितात आणि बाळूंना बाहेर, मातीच्या परळात. जेवायलाही ताट वेगळं, जागा वेगळी. तू पुढे व्हायला बघतेस. मी तुझा हात धरते. जे झालं ते आपल्याला पुसता येत नाही. पण पाहिल्यावर विसरायचंही नाही, एवढं तरी करू.

मग ते मुंबईला येतात, आपल्याच रुळांवरून, आपल्याच अंबरनाथच्या बाजूनं. मुंबईत बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी करतात, हिंदू जिमखान्याकडून खेळतात. १९०६ साली हिंदूंचा संघ युरोपियनांना हरवतो, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा. पुण्यात ज्यांना बाहेर चहा मिळायचा ते मुंबईत जिमखान्यात सगळ्यांबरोबर जेवायला बसतात, याची त्या काळच्या सुधारक वर्तमानपत्रानं मुद्दाम दखल घेतली होती. तिथे आपण थांबणार नाही. जिंकलेले सामने सगळ्यांना माहीत असतात.

मे १९११. मुंबईच्या धक्क्यावरून आगबोट निघते. पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख अशा सगळ्यांना घेऊन हिंदुस्थानच्या नावानं इंग्लंडला निघालेला हा पहिला संघ. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय १९, म्हणजे तुझ्याएवढेच. बाळू ३५ वर्षांचे. धाकटा भाऊ शिवरामही संघात आहे. डेकवर दोघं कठड्याला टेकून उभे आहेत आणि किनारा बारीक होत चाललाय.

पहिला सामना ऑक्सफर्डला. समोर विद्यापीठाची पोरं, कॉलेजातली. तुला बरं वाटतं, निदान हे तरी आपल्यासारखे. स्कोअररच्या टेबलाशी एक रिकामी खुर्ची आहे, बस तिथे. या वहीत पाच मिनिटांत तुझं मन रमेल. प्रत्येक चेंडूला एक टिंब, धावेला आकडा, षटक निर्धाव गेलं की टिंबं जोडून इंग्रजी एम.

जून चढत जातो. इंग्लंडातला तो उन्हाळा फार कडक होता. गवत पिवळं पडतं, आणि लंडनमध्ये राज्याभिषेकाचे मंडप उभे राहतात. २२ जूनला पाचव्या जॉर्जचा सोहळा. कर्णधार महाराजांना मेजवान्यांची निमंत्रणं येत राहतात आणि ते बहुतेक सामन्यांना मैदानावर नसतात. उरलेले एका गावाहून दुसऱ्या गावाला रेल्वेनं जातात, उतरतात, खेळतात, हरतात, सामान बांधतात. तुझ्या फाईलमध्ये सहा कागद आहेत. यांच्या वहीची पानं उलटत जातात आणि जुलैचा मध्य येतो तरी जिंकल्याची एक ओळ नाही.

गाडीच्या डब्यात बस त्यांच्याबरोबर. कुणी बोलत नाही, हे तुला ओळखीचं आहे. कुणीतरी बूट काढून तळवे चोळतंय. बाळू डाव्या हाताची बोटं उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. उद्या सकाळी पुन्हा त्याच बोटांनी चेंडू फिरवायचा आहे, कारण संघात सगळ्यात जास्त टाकणारे तेच. तुमच्या संघात ती सात नंबरची नाही का, तीही गाडीत अशीच मनगट धरून बसते.

केंब्रिजच्या मैदानावर मला तुला जास्त वेळ बसवायचं आहे. पुन्हा विद्यापीठाचा संघ, पुन्हा उंच, गोरी, सधन घरातली मुलं. त्यांच्या अंगणात जन्मापासून हिरवळ. बाळूंची शाळा लवकर सुटलेली. या डावात ते टाकतात आणि टाकतच राहतात. एक गडी जातो, मग भागीदारी होते. एखादा चेंडू बॅटची कड घेऊन उडतो, हात पुढे येतात, चेंडू सुटतो. तू पेन्सिल घेऊन वहीकडे बघतेस, कुठे लिहायचं? झेल सुटला याला रकाना नाही. टिंब काढायचं, पुढे जायचं. बाळूही तेच करतात. परत फिरतात, चेंडू पँटला पुसतात, चार पावलं, डावा हात. संध्याकाळी त्यांच्या नावापुढे ८ बळी लागतात, १०३ धावांत. एका डावात दहापैकी आठ! टेबलामागे कुणीतरी टाळ्या वाजवतं आणि तुला कळतं की ते आपलेच हात आहेत.

लेस्टर, जुलैचा मध्य. डॉ. कांगा १६३ धावा करतात. हो, तेच कांगा, ज्यांच्या नावानं पुढे मुंबईत भर पावसात कांगा लीग खेळली जाऊ लागली. हिंदुस्थानचा संघ जिंकतो. पहिल्यांदाच. लगेच टाँटनला सॉमरसेटशी सामना लागतो आणि तिथे नऊ गडी पडतात तरी शिवराम एका टोकाला उभे आहेत. तू वहीवर डोकं टेकवतेस, पुन्हा वर बघतेस. शिवराम नाबाद ११३. एका गड्यानं विजय. पळवणकरांच्या घरातला तो धाकटा पोरगा बॅट काखेत धरून मंडपाकडे चालत येतो आणि मंडपातले लोक उठून उभे राहतात. मी इथे उगाच बोलत नाही. तू बघ.

यानंतर सगळं बदललं असं नाही. ते पुन्हा हरले. दौरा संपला तेव्हा हिशेब होता तो असा: २३ सामने, ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. त्यातले प्रथम श्रेणीचे १४, आणि त्यांत जिंकले ते लेस्टर आणि टाँटन एवढेच. पण शेवटच्या पानावर बाळूंच्या नावापुढचा आकडा बघ: ११४ बळी, सरासरी एकोणिसाच्या आत. अशा संघात, अशा उन्हाळ्यात. मला हा आकडा जिंकलेल्या कुठल्याही करंडकाहून मोठा वाटतो. हरणाऱ्या संघात गोलंदाजाला विश्रांती नसते आणि त्याच्या मागे धावांचा डोंगरही नसतो. त्याला रोज शून्यापासून सुरुवात करावी लागते.

बोट मुंबईला लागते. शहरातल्या अस्पृश्य समाजानं बाळूंचा सत्कार ठरवला आहे. सभेला गर्दी आहे. मानपत्र तयार करण्यात ज्याचा हात आहे तो एल्फिन्स्टन कॉलेजातला विशीचा एक विद्यार्थी आहे. चष्म्यामागचे डोळे तू ओळखतेस. तुझ्या वर्गातल्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, फक्त त्यात ते वयानं मोठे आहेत. भीमराव आंबेडकर. १५ सामने हरून आलेल्या संघातल्या माणसाकडे ते अभिमानानं बघताहेत. पुढचं तुला माहीत आहे, या सभेतल्या कुणाला माहीत नाही. १९३७ च्या निवडणुकीत हेच दोघं मुंबईत एकमेकांसमोर उभे राहतील, बाळू काँग्रेसकडून, आणि आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी जिंकतील. त्याआधी १९२३ साली बाळूंचा सगळ्यात धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार होईल. तो मान बाळूंना पुरतेपणी कधी मिळाला नाही. पण आज १९११ आहे. आज हार गळ्यात पडतोय आणि बाळू मान थोडी खाली घालून उभे आहेत. डाव्या हाताची बोटं अजूनही उघडताहेत, मिटताहेत.

चल आता. उशीर झाला. आई वाट बघत असेल.

पालेगावच्या कोर्टचे दिवे अजून चालूच आहेत. फाईल मांडीवर आहे. तू सगळ्यात वरचा कागद काढतेस, आजचा, ३८ विरुद्ध ६१. आपल्या स्कोअरशीटमध्ये गुण लिहायला जागा आहे, फाऊलला आहे, टाईमआऊटला आहे. रिबाऊंडला नाही. बोर्डला लागून परत आलेला चेंडू दोघीतिघींच्या खांद्यांवरून उडी मारून कुणी ओढून घेतला, ते या कागदाला कळतच नाही.

मोबाईलमध्ये सामन्याचा व्हिडिओ आहे, तुझ्या बहिणीनं गॅलरीतून काढलेला, जरा हलणारा. तू तो पहिल्यापासून लावतेस. चौथ्या मिनिटाला सात नंबरची चेंडू ओढून घेते. थांबवतेस. कागदाच्या उजव्या कडेला पट्टी नाही म्हणून आयकार्डची कड धरून एक रेघ मारतेस, नवा रकाना आखतेस, आणि तिच्या नावापुढे पहिली उभी काडी काढतेस. व्हिडिओ पुढे सुरू होतो. सहाव्या मिनिटाला दुसरी. मग तिसरी. चौथी काडी काढेपर्यंत वरून आई हाक मारते, तू "आले गं" म्हणतेस आणि पुन्हा स्क्रीनवर वाकतेस, कारण पाचवी समोर दिसतेय.