उंदराचा मेंदू आणि वासनेच्या वाटा

नंदुरबार, शहादा, तळोदें हा मुलूख १९०६ सालीं खानदेशाची विभागणी झाली तेव्हां पश्चिम खानदेशांत गेला, आणि १९९८ सालीं त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचीं नांवें पालटलीं. परंतु ज्वारीच्या आणि उंसाच्या शेतांतील उंदरानें आपलें ठाणें सोडलें नाहीं. पिंजरा लावावा, बिळांत विषारी आमिष टाकावें आणि पुढच्या हंगामांत पुन्हां उंदीर पाहावे, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव. एवढी प्रजा येते कोठून? अर्धें उत्तर सोपें आहे. प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदराची मादी दर चार-पांच दिवसांनीं माजावर येते आणि गर्भ राहिल्यावर सुमारें तीन आठवड्यांत विते. पण तिला व नराला एकत्र आणणारी प्रेरणा राहते कोठें, हें दुसरें अर्धें उत्तर शोधण्यांत शास्त्राचें एक शतक खर्ची पडलें.

प्रथम सारें श्रेय ग्रंथींस मिळालें. १८४९ सालीं जर्मनींत बर्थोल्ड यानें खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटांत वृषण पुन्हां बसविले, तेव्हां त्यांचें आरवणें व माद्यांमागें लागणें परत आलें. ग्रंथि धनी आणि मेंदू चाकर, अशी समजूत त्यांतून पुढें रूढ झाली. तिला धक्का दिला तो १९५९ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस येथील प्रयोगानें. गाभण गिनीपिगांस टेस्टोस्टेरॉन हा नराचा अंतःस्राव दिला असतां त्यांच्या पोटच्या माद्या मोठेपणीं बऱ्याच अंशीं नरांप्रमाणें वागूं लागल्या. म्हणजे अंतःस्राव केवळ वासना चेतवीत नाहीं. जन्मापूर्वींच तो मेंदूची घडण बदलतो.

मग शोध मेंदूच्या तळाशीं असलेल्या हायपोथॅलॅमसकडे वळला. १९६६-६७ च्या सुमारास स्वीडनमध्यें हायमर व लार्सन यांनीं नर उंदरांच्या मेंदूंत हायपोथॅलॅमसच्या पुढील टोकाशीं इजा केली, तेव्हां त्यांचा समागम थांबला. पुढें न्यूयॉर्क येथें डोनाल्ड फाफ यांनीं मादीची वाट उकलली. नराचा स्पर्श तिच्या पाठीकुशीवर होतो, संवेदना मज्जारज्जूंतून वर जाते. परंतु इस्ट्रोजेननें हायपोथॅलॅमसमधील पेशी आधीं तयार केल्या असतील तरच ती पाठ लववून नराचा स्वीकार करते. २०२३ सालीं स्टॅनफर्ड येथें नीराव शाह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नराची वाट दाखविली. मादीला ओळखणाऱ्या पेशींपासून ती समागम घडविणाऱ्या पेशींपर्यंत जाते. या दुसऱ्या पेशी चेतविल्या असतां, एरव्हीं समागमानंतर कित्येक दिवस स्वस्थ राहणारा नर क्षणांत पुन्हां प्रवृत्त झाला.

तात्पर्य, वासना ही एकच कळ दाबून चालू होणारी गोष्ट नव्हे. ओळख, स्पर्श, अंतःस्राव आणि विश्रांति या सर्वांच्या वाटा मेंदूंत एके ठिकाणीं मिळतात.

मराठी वाचकास येथें एक जुना वाद आठवेल. मुंबईस रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें आणि कामवासनेचा विचार उघडपणें व शास्त्रीय दृष्टीनें व्हावा, असा आग्रह धरिला. त्यापायीं त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्व्यांचे सर्व सिद्धान्त आज टिकतील असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या विषयाचा उच्चार करणें गुन्हा ठरला, त्याचा नकाशा आज पेशी-पेशींनीं काढला जात आहे, एवढें तरी त्यांच्या टीकाकारांनीं मान्य करावें.

तथापि उलट बाजूची घाईहि आम्हांस पसंत नाहीं. उंदराच्या मेंदूंतील वाट सांपडली म्हणून कोणी आपल्या दुर्वर्तनाचा बोजा तिच्यावर टाकूं पाहील, तर तो शास्त्राचा अपमान होय. माणसाच्या मेंदूंतहि हायपोथॅलॅमस आहे. पण त्याच्या वासनेभोंवतीं भाषा, स्मृति आणि दुसऱ्याची संमति उभी आहे. शेतांतील उंदरास हा विचार करावा लागत नाहीं. आम्हांस करावा लागतो, आणि तो लाज व मिजास या दोन्ही बाजूस सारून करावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.