दूरस्थ मध्यमलहरी श्रवण (हुबळी-धारवाड)

आपल्या भागासाठी नसलेली, शेकडो किलोमीटरवरची मध्यमलहरी रेडिओ केंद्रे मुद्दाम शोधून ऐकण्याचा आणि त्यांची वही ठेवण्याचा छंद. छांदिष्टांच्या बोलीत ‘डीएक्सिंग’.

हुबळी-धारवाडात पहिली अडचण घरचीच. आकाशवाणीचे धारवाड केंद्र 8 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले. कवी द. रा. बेंद्रे त्याचे सल्लागार होते, गायक मल्लिकार्जुन मन्सूर संगीत सल्लागार. असे केंद्र हे गावाचे भाग्यच. पण 765 किलोहर्ट्झवरचा त्याचा प्रक्षेपक 200 किलोवॉटचा आहे. आशियात केंद्रांच्या जागा नऊ-नऊ किलोहर्ट्झवर असल्याने पुण्याचे 792 तिथून अवघे तिसरे घर. साध्या ट्रान्झिस्टरवर धारवाडचा आवाज तिथवर सांडतो.

उपाय रेडिओच्या पोटातच असतो. आतली फेराइटची आडवी कांडी केंद्राकडे टोक करून धरली की ते केंद्र दबते, कूस केली की खुलते. म्हणून श्रोता बटणाइतकाच अख्खा रेडिओ फिरवतो. हुबळीहून धारवाड वायव्येला, पुणे उत्तर-वायव्येला. दिशांत फरक थोडा, त्यामुळे धारवाड दाबताना पुणेही बरेच क्षीण होते आणि बोटभर फिरवण्याने सगळे ठरते. मुंबई मात्र 558 वर दूर बसल्याने निर्धास्त. शिवाय मुंबई आणि श्रीलंकेतले पुत्तलम इथून जवळजवळ एकाच रेषेत, परस्परविरुद्ध दिशांना आहेत. मुंबईसाठी लावलेला रेडिओ न हलवता 882 वर काटा नेला, तरी पुत्तलमसाठीही तो योग्यच बसलेला असतो. या शहराला भूगोलाने दिलेली ही खास सोय आहे.

दिवसा आयनांबराचा ‘डी’ थर मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आवाज भरती-ओहोटीसारखा चढतो, बुडतो. डिसेंबर-जानेवारीच्या लांब, कोरड्या रात्री उत्तम. वळिवाच्या दिवसांत विजांची कडकड सगळे झाकते.

ऐकलेल्याचा पुरावा म्हणजे अहवाल: तारीख, वेळ, वारंवारिता, कार्यक्रमाचा तपशील आणि श्रवणाचा दर्जा सांगणारे ‘सिन्पो’ पद्धतीचे पाच गुणांक. केंद्राने खात्री करून पाठवलेले ‘क्यूएसएल’ कार्ड हे या छंदाचे खरे धन.

अलीकडे आकाशवाणीचे अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद झाले, ही मोठी हानी आहे. रिकाम्या झालेल्या घरांत आता त्याच वारंवारितेवरची, आजवर दबून राहिलेली लांबची केंद्रे ऐकू येऊ शकतात. एलईडी दिव्यांची घरघर मात्र वाढली आहे. रात्री वीज गेली की बॅटरीवरचा रेडिओ सर्वांत स्वच्छ बोलतो.