मुतखड्याचं ऑपरेशन : तेव्हा आणि आता

गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "मुतखड्याचं ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी सोडतात म्हणे, खरं का?" खरं आहे. पण त्यामागं फार मोठा इतिहास आहे.

मूत्राशयातला खडा चिरून काढायची रीत आपल्या सुश्रुतसंहितेत आहे. पण शस्त्र लावलं नाही तर मरण नक्की आणि लावलं तरी जगण्याची खात्री नाही, म्हणून वैद्यानं आधी राजाला विचारावं, असं तिथं सांगितलंय.

लंडनच्या सॅम्युएल पेपिस यांचा खडा २६ मार्च १६५८ रोजी काढला. तेव्हा भूल नव्हती. ते वाचले आणि ती तारीख पुढं सणासारखी पाळत राहिले.

१८४६ नंतर भूल आली, पण चिरणं सुटलं नाही. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यू यंग यांनी एका मुलाच्या फुगलेल्या मूत्रवाहिनीत लघवीच्या वाटेनंच दुर्बीण सरकवली. १९५४ मध्ये पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी काचेच्या बारीक तंतूंमधून चित्र नेता येतं, हे मांडलं. त्यातूनच वाकणारी दुर्बीण शक्य झाली. १९८० मध्ये स्पेनच्या पेरेझ-कास्ट्रो यांनी खास मूत्रवाहिनीसाठी लांब दुर्बीण आणली. पुढं लेझरनं खडा आतच फोडता येऊ लागला. पोटावर चीर नाही, म्हणून बऱ्याच जणी संध्याकाळी घरी जाऊ शकतात.

सगळ्याच नाही. ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, एकच मूत्रपिंड असेल, दिवस गेले असतील किंवा हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. राहावं लागू शकतं. घरी सोडलं तरी सोबत मोठं माणूस हवं. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

आत बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवला असेल तर तो काढायची तारीख कॅलेंडरवर लिहा. दुखत नाही म्हणून विसरलात, तर त्यावरच खडे धरतात आणि मूत्रपिंड धोक्यात येतं.

तेव्हा वैद्य राजाला विचारायचा. आज सही तुमची लागते. ती करण्याआधी विचारा : स्टेंट ठेवणार का? कधी काढणार? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? विचारणं हा तुमचा हक्क आहे.