मठात जपलेली सुभाषितं

सुभाषित म्हटलं की आपल्याला शाळेत पाठ केलेला संस्कृत श्लोक आठवतो. पण या शब्दात मुळात श्लोक नाहीच. चांगलं बोललेलं, इतकाच त्याचा अर्थ. राजस्थानातल्या बैराट इथे सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोक भिक्षुसंघाला सांगतो, की भगवान बुद्ध जे जे बोलले ते सगळं सुभाषितच आहे. हा काळ इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकाचा.

पुढे हा शब्द पद्याला चिकटला. संस्कृत-प्राकृत कवी मुक्तकं रचत: एकच श्लोक, मागचापुढचा संदर्भ न लागणारा, आपल्या पायांवर उभा. मात्र असा सुटा श्लोक हरवतोही चटकन. कुणीतरी तो पाठ करायला हवा, नाहीतर उतरवून ठेवायला हवा. हाल सातवाहनाच्या नावावरची महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती हा अशा उतरवून ठेवण्याचा फार जुना नमुना, आणि त्यातल्या बहुतेक गाथा प्रेमाच्या. १२५८ साली देवगिरीच्या यादवांकडे ‘सूक्तिमुक्तावली’ तयार झाली, ती हत्तीदळाचा अधिकारी असलेल्या जल्हणाच्या नावे.

माझा जीव मात्र जडला आहे तो विद्याकरावर. इसवीसन ११००च्या सुमारास बंगालमधल्या जगद्दल विहारात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, या बौद्ध पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ जमवला. १,७३८ श्लोक, पन्नास भाग. विहारातला संग्रह म्हणून वैराग्याची अपेक्षा करावी, तर वसंत, वयात येणारी मुलगी, मीलन, रुसवा, विरह यांनीच तो भरून वाहतो. म्हातारपण आणि स्मशान यांनाही त्यात जागा आहे. बौद्ध तर्कशास्त्राचा मेरुमणी धर्मकीर्ती इथे चक्क प्रेमकवी म्हणून भेटतो! योगेश्वर पावसाळ्यातलं खेडं आणि गरिबाचं घर डोळ्यांसमोर उभं करतो. विद्याकराचं मोठेपण मला आणखी एका सवयीत दिसतं. ठाऊक असेल तिथे तो श्लोकाखाली कवीचं नाव लिहितो. त्या काळच्या बंगालमधल्या कितीतरी कवींची आठवण त्यामुळेच उरली.

विहार उजाड झाला, संग्रह नजरेआड गेला. १९१२ साली एफ. डब्ल्यू. थॉमस यांनी नेपाळमधल्या एका अपुऱ्या पोथीवरून ५२५ श्लोक छापले, पण पोथीवर नावच नसल्याने ग्रंथालाही त्यांनीच नाव दिलं, ‘कवीन्द्रवचनसमुच्चय’. मूळ ग्रंथाचं ताडपत्र तिबेटातल्या ङोर मठात होतं. राहुल सांकृत्यायन यांच्या शोधयात्रांमुळे त्याची छायाचित्रं भारतात आली. ती वाचायला बसले ते गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी आणि पुण्याचे तिबेटीचे जाणकार वा. वि. गोखले. त्यांनी सिद्ध केलेली प्रत १९५७ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाली.

या संग्रहाचा पहिला भाग बुद्धाच्या स्तुतीचा आहे. शेवटचा, पन्नासावा भाग विद्याकराने कवींच्या स्तुतीला दिला.